नळावरचा नंबर

आमच्या चाळीत खोल्या बारा आणि नळ एक. तो नेमका माझ्या दारासमोर असल्यामुळे मी स्वतःला त्याची मालकीण समजत असे. खरा मालक चिमाजी. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे त्याचं रान होतं. आजूबाजूला कारखाने आले, तशी त्यानं ज्वारी सोडून खोल्या पेरल्या. पाणी पहाटे साडेपाचला यायचं, सातला जायचं आणि धार जेमतेम करंगळीएवढी.

नळावर नंबर माणसांचे नसायचे, भांड्यांचे असायचे. दिवेलागणीला जिनं तिनं आपला हंडा नाहीतर बादली रांगेत लावायची आणि खुशाल घरात जायचं. सकाळी ज्या क्रमानं भांडी, त्या क्रमानं पाणी. दुसरीच्या भांड्याला हात लावायचा नाही, हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. पण तो मोडला, की चाळीत तोंडाचे पट्टे सुटायचे. सगळ्यात लांब पट्टा माझा.

आमचे हे, म्हणजे हिंदुराव, कारखान्यात टर्नर होते. चाळीतल्याच नूरमोहम्मदभाईंचं मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. दोघांची दोस्ती घट्ट, आणि त्या दोस्तीतून त्यांनी एक सभा सुरू केली होती; तिचे सेक्रेटरी आमचे हेच. महिन्यातून दोन रविवारी गॅरेजमधले ट्रक बाहेर काढायचे, तेलकट फरशीवर सतरंजी टाकायची. साताऱ्याकडची, मराठवाड्यातली, गावातली माणसं जमायची, शिवाय मिशनच्या शाळेतले एक मास्तर. कुणी अभंग म्हणायचं, कुणी पैगंबरांच्या स्तुतीची नात, मास्तर त्यांची प्रार्थना म्हणायचे. मग माणुसकीवर बोलणं आणि शेवटी चहा. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. बाहेरगावी दंगे झाले तेव्हा आमच्या चाळीत साधी काचही फुटली नाही, याचं श्रेय मी आजही त्या सतरंजीला देते. बायका मात्र सभेला नसायच्या. बायका नळावर असायच्या.

चौऱ्याहत्तर साली पावसाळ्यानंतर शेवटच्या खोलीत सावित्रीबाई राहायला आली. बीडकडची. दुष्काळात नवरा गेला, मागं उरली ती आणि तिची आंधळी सासू. एका कारखान्यात झाडलोटीला टेंपररी लागली होती, सातची पहिली पाळी. तिनं भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली तेव्हाच चाळ काय समजायचं ते समजली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलत नसत.

पहिल्याच संध्याकाळी तिनं आपली पत्र्याची बादली रांगेत लावली. नंबर पाचवा. दुसऱ्या दिवशी पहाटे बादली सगळ्यांच्या शेवटी होती.

ती मी हलवली. सांगूनच टाकते, उगाच लपवाछपवी नको. ह्यांचीही पहिली पाळी असायची, म्हणून मी चाळीत सगळ्यांच्या आधी उठायची. दार उघडलं, बादली दिसली, आणि पायानं सरकवत सरकवत मी ती टोकाला नेली. हात लावला नाही. मनात राग नव्हता, तिचं वाईट व्हावं असंही नव्हतं. माझ्या माहेरी, कराडकडं, त्यांचा पाणवठा वेगळा होता. तिच्या बादलीमागून आपल्या कुणाचा हंडा त्याच तोटीखाली जाणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. पुढं रोज हलवायला लागले आणि त्याला सवय म्हणायला लागले. सवय म्हणे! पापाला साधंसुधं नाव दिलं, की झोप चांगली लागते.

एकदा तिनं मलाच विचारलं, "यशोदाबाई, मही बादली कोन सरकवतं वो?"

"पोरं हो," मी म्हटलं. "मेली कुणाचं ऐकतात का?"

पहाटे पाचला चाळीतली सगळी पोरं अंथरुणात असतात, हे तिलाही माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग निघून गेली.

शेवटचा नंबर लागेपर्यंत पावणेसात व्हायचे. तिचा कारखाना पायी अर्ध्या तासावर. बिनपाण्याच्या घरात आंधळ्या म्हातारीला दिवसभर ठेवून जाणं तिला शक्य नव्हतं. त्यामुळे ती रोज पाणी भरायची आणि पळत सुटायची.

त्या वर्षी ईद झाली होती आणि दिवाळी यायची होती. मधल्या एका रविवारी चाळीच्या अंगणात सहभोजन करायचं, असं सभेनं ठरवलं. हे घरी आले ते उड्या मारतच. म्हणाले, "यशोदा, आपल्या सभेत बौद्ध कुणी नव्हतं बघ. सावित्रीबाईंना सांग, दोन शब्द बोलायचे." एक धर्म कमी पडत होता आणि तो चाळीतच सापडला, याचा त्यांना कोण आनंद! मी मान डोलावली.

स्वयंपाकाचं सगळं माझ्याकडे होतं. वांग्याची भाजी, वाटाण्याची उसळ, भात, शिरा, ताक. सावित्रीबाई सकाळीच पदर खोचून आली. "काय करू? वांगी चिरू का?"

"छे छे, तुम्ही पाहुण्या! बसा तुम्ही निवांत," मी म्हटलं. इतकं गोड म्हटलं, की ऐकून हे खूश झाले. ती दूर कट्ट्यावर बसली. दुपारपर्यंत रिकाम्या हातांनी तशीच बसून होती.

पंगत झकास झाली. एकाच रांगेत हे, नूरमोहम्मदभाई, मास्तर, चिमाजी, आणि मधोमध सावित्रीबाई. जेवणं होत आली तसं एकेक जण उठून बोलला. शेवटी ती उठली.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी जेवाय बोलावलं, पंगतीत बसवलं, लई बरं वाटलं. पर जेवन आजच्या दिसाचं. पानी रोज लागतंय. मह्या बादलीचा नंबर रोज शेवटी जातो. कंपनीत तीनदा उशीर झाला. साहेब म्हनला, आता एक डाव जरी उशीर झाला तर गेटावरूनच परत. उद्या पहिली पाळी हाय. तुमी समदी मोठी मान्सं. मह्या नंबरचं तेवढं बघा."

अंगणात कुणी घास उचलेना. ह्यांचा चेहरा लाल झाला. "कोण हलवतं बादली? नाव सांगा, सावित्रीबाई. आत्ता इथंच सोक्षमोक्ष लावू."

तिनं वाढणाऱ्या बायकांवरून नजर फिरवली. ती नजर माझ्यापाशी थांबली. माझ्या हातात ताकाचं भांडं होतं आणि ते जड झालं होतं.

"अंधारात कोन वळखू येत न्हाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिनं मला वाचवलं. सगळ्या चाळीसमोर, माझ्या नवऱ्यासमोर वाचवलं. मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पुढच्या माणसाला ताक वाढलं.

मग पुरुषांनी ठराव केला. चाळीच्या नळावर सर्वांचा सारखा हक्क. मास्तरांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. चिमाजीनंही हात वर केला, "आपलं काय बी म्हननं न्हाई. नळ समद्यांचा हाय." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी मी आणि नूरमोहम्मदभाईंची बायको बिल्किस पातेली घासत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "भाभी, बादली तुम्हीच सरकवता ना? मी बघितलंय."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? ती यायच्या आधी शेवटचा हंडा माझा असायचा. चार वर्षं. तुम्ही त्याला हात लावला नाही कधी. पण पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे असं बघितलं, की मी आपणहून तो उचलून शेवटी ठेवला. हे तिकडं सभेत भाषण करायचे आणि मी इकडं शेवटी पाणी भरायची. घरात बोलले नाही. दोघांच्या दोस्तीत मिठाचा खडा नको म्हणून." तिनं पातेल्यात राख टाकली. "मग ती आली. माझा नंबर एकानं वर गेला. मला बरं वाटलं, भाभी. खोटं कशाला बोलू?"

बिल्किस आणि मी रोज एकमेकींकडे कालवण पाठवायचो. तिच्या मुलाला मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिचा हंडा शेवटी असतो हे मला रोज दिसत होतं, आणि का असतो हे मी एकदाही मनाला विचारलं नव्हतं. त्या वेळी मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिच्याकडे वर बघवेना.

"उद्या आपण दोघी बघू," ती म्हणाली.

"बघू," मी म्हटलं.

सोमवारी पहाटे दार उघडलं. बादली पाचव्या नंबरावर होती. मी पाय लावला नाही. तेवढ्यावर स्वतःवर खूश होऊन मी भाकरी थापायला आत गेले. पाणी आल्याचा आवाज झाला म्हणून बाहेर आले, तर बादली टोकाला. तोटीपाशी शेजारच्या खोलीतली सोजरबाई उभी होती. माझ्याकडे बघून ती आपुलकीनं हसली. "आज विसरला वाटतं तुम्ही? मीच केली बाजूला."

परत आण ती, असं म्हणायला हवं होतं. पण आत हे दाढी करत होते. मी एक शब्द काढला असता तर सोजरबाईनं दहा काढले असते. रोज तुम्हीच तर सरकवता, हे त्यातलं पहिलं असतं, आणि ते ह्यांच्या कानावर गेलं असतं. सभेच्या सेक्रेटरीची बायको! आदल्याच दिवशी ठराव झालेला. मी स्वतःला समजावलं, की मी ह्यांच्या अब्रूसाठी गप्प बसतेय. बिल्किस आली. तिनं रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मी माझा हंडा तोटीखाली लावला. मग तिनंही तिचा नंबर आला तसा भरला. हे सव्वासहाला सायकल घेऊन शीळ घालत निघून गेले. ठराव झाला होता, त्यांना कसली काळजी!

सावित्रीबाईला पाणी मिळालं तेव्हा सातला दहा कमी होते. पदर सावरत पळाली. साडेआठच्या आत परत आली, ती चालत, सावकाश.

संध्याकाळी हे आणि नूरमोहम्मदभाई कारखान्याच्या गेटावर गेले, हातापाया पडले. तिच्या जागी दुपारीच दुसरी बाई घेतली होती. हे घरी येऊन ताटावर बसले. "ठराव झाला होता ना गं? मग कुणी केलं हे?"

तेव्हा सांगितलं मी. पहिल्या दिवसापासूनचं सगळं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "नळावर सांग."

मंगळवारी पहाटे नळावर सगळ्या जमल्या होत्या. बादली टोकाला होती. या वेळी ती कुणी हलवली नव्हती, सावित्रीबाईनं संध्याकाळी तिथंच लावली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझा हंडा काढून तोटीखाली ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मी आवाज चढवला.

"ही बादली इतके दिवस मी सरकवत होते. पोरं नाही, वारा नाही, मी. काल सोजरबाईंनी सरकवली तीही माझंच बघून. मी काल तोंड उघडलं असतं तर सावित्रीबाईंचं काम गेलं नसतं."

"मीही गप्प बसले," बिल्किस मागून म्हणाली. "माझाही नंबर होता ना पुढं."

सोजरबाई जमिनीकडे बघत होती. हे दारात उभे होते. सावित्रीबाई आपल्या उंबऱ्यातून आमच्याकडे बघत होती. मी तिला हाक मारली, "या, सावित्रीबाई. आधी तुम्ही भरा."

ती आली. बादली अर्धी झाली होती. तिनं ती तोटीखालून काढली, माझा हंडा उचलून तिथं नीट बसवला आणि बादली घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"तुमच्या मालकाची पाळी हाय, बाई. तुमी भरा," ती म्हणाली. "मला आता कुटं जायाचंय?"