तिसऱ्या रविवारचा कोट

"खालचं बटण लावायचं नाही, पोरी. फिडेल्मा कधी लावायची नाही."

बटण शिंगाचं होतं, गडद निळं, आणि मधोमध त्याच्या एक पांढुरकी रेघ… कचेरीच्या प्रसाधनगृहातल्या आरशासमोर ब्रोना त्या रेघेकडे पाहत उभी होती आणि मिसेस किलबेनचा तो मऊ आवाज कानाशीच होता. बटण तिने उघडंच ठेवलं. मग कोट उतरवून काखेतलं अस्तर पाहिलं. पुन्हा उसवलं होतं.

उसवलं नव्हतं. उसवलेलं शिवता येतं. हे विरलं होतं — परवा घातलेला टाका तसाच घट्ट, आणि त्याच्या शेजारचं कापड कोळिष्टकासारखं बोटाला चिकटून येत होतं.

"फुकट मिळतंय म्हणून घेऊ नकोस हं," आई म्हणाली होती, बश्या पुसता पुसता, तिच्याकडे न बघता. "मेलेल्याचा कपडा टिकत नाही. ती मातीत जशी जाईल तसा तो तुझ्या अंगावर जाईल." आणि मग, बशी ठेवून, "पण दुसरा आणायचा कुठून, तेही सांग." गॉलवे शहरातल्या वकिलांच्या कचेरीने उन्हाळाभरासाठी इंटर्न म्हणून बोलावलं होतं, पोशाख कचेरीला साजेसा हवा असं बजावून, आणि ब्रोनाकडे होती ती हॉटेलात वाढताना घालायची काळी पँट, गुडघ्यांवर चकाकणारी. जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात तिच्या मापाचं एकच निघालं — कुणाच्या तरी लग्नातलं गुलाबी, झालरीचं. ते घालून खटल्याचे कागद कसे चाळणार?

गावातली मिसेस किलबेन दारात आली तेव्हा कोट नि स्कर्ट धुलाईवाल्याच्या प्लास्टिकमध्येच होते. तिची मुलगी फिडेल्मा गॉलवेलाच नोकरीला, दर आठवड्याला घरी यायची. त्या शनिवारी तिने हे कपडे धुवायला टाकले, रविवारी गाडी घेऊन निघाली, आणि तळ्याकाठच्या वळणावर… कपडे मात्र ठरल्या वेळी तयार झाले. पोरीला पुरून झाल्यावर मिसेस किलबेनने जाऊन आणले.

"तुझ्याच वयाची होती. तुझ्याच बांध्याची. पैसे काढू नकोस. फक्त तीन रविवार हे घालून चर्चमध्ये मिस्सेला ये, आमच्या बाकावर बस. जिवंत माणसाने देवासमोर नेले की तिला तिकडे मिळतात. नाहीतर ती उघडीच राहील गं तिथं… थंडीत."

आता असं कुणी करत नाही. फादरसुद्धा हसतात. पण ब्रोना हसली नव्हती; भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहून तिने हो म्हटलं होतं. देवासमोर तोंडातून गेलेला शब्द हा नेमच झाला, आणि नेमाला सवड विचारायची नसते — एवढं तिला घरात कुणी न शिकवताच ठाऊक होतं.

पहिल्या रविवारी मिसेस किलबेनने तिची कॉलर सारखी केली. दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून म्हटलं, "आलीस का घरी?" आणि कुणी त्याला चूक सांगितली नाही. नंतर मिसेस किलबेनकडे चहा. जाड लोण्याचा पाव. चहात साखर नव्हती, कारण फिडेल्मा घेत नसे, आणि ब्रोना तो कप मुकाट्याने प्यायली… मला साखर लागते. दोन चमचे लागते. मी बोलले का नाही?

"अगं, आत झोपलीस की काय?" दारावर थाप. कॉरमॅक, तिच्याबरोबरचा दुसरा इंटर्न. ती कोट चढवून बाहेर आली.

"क्विग्लीबाई विचारतायत, रविवारी त्यांच्याकडे जेवायला येणार ना? दोघांतल्या एकालाच हिवाळ्यात ठेवणार आहेत, माहीत आहे ना? नाही आलीस तर बटाटे मी खाईन. आणि नोकरीपण."

"मला गावी जायचंय. मिस्सेला."

"का, कोण मेलंय?" तो हसला. मग त्याची नजर कोटावर गेली. "कोट मात्र झकास हं. मालकीणबाईच दिसतेस!"

दुपारी मिसेस किलबेनचा फोन आला. "आजच ये, पोरी, शुक्रवारच्या बसने. तिची खोली झाडून ठेवलीय. अंथरूणपण घातलंय." मग, आवाज आणखी मऊ करून, "आणि सोमवारी परत जायची तुला एवढी काय घाई असते?"

ब्रोनाला दिसत होतं ते हे — कुठेतरी, वारा असलेल्या ठिकाणी, एक मुलगी उभी आहे. पहिल्या रविवारी तिला एक बाही मिळाली, दुसऱ्या रविवारी दुसरी, आणि पाठ अजून उघडी. गेले नाही तर ती तशीच उभी राहील. माझ्यामुळे. आणि गेले, तर रविवारी कोट पुरता तिचा होणार… मग सोमवारी माझ्या अंगावर उरेल काय? अस्तराच्या आत, त्याच्याही आत, विरत चाललंय ते नुसतं कापडच कशावरून?

कचेरी सुटताना ती क्विग्लीबाईंच्या टेबलापाशी गेली.

"रविवारी जमणार नाही, मॅडम. शब्द दिलाय एकीला."

"असं होय," बाई म्हणाल्या, अगदी गोड हसून. "बरं." आणि पुढ्यातला कागद उलटला.

ते 'बरं' काय आहे हे तिला कळलं. रडू यायला हवं होतं. तिने वाट पाहिली, आलं नाही. खाली रस्त्यावर ऊन होतं, माणसं बीअरचे ग्लास घेऊन फुटपाथवर उभी होती, आणि ती त्यांच्यामधून बसस्थानकाच्या दिशेने वळली. त्या बसचा रस्ता तळ्याकाठनंच जातो — आता तरी घाबरावं, तिने स्वतःला सांगितलं. जी ब्रोना एरवी घाबरायची तिला आत हाक मारून पाहिली… पावलं तेवढी पडत राहिली, हलकी, सवयीची, दर आठवड्याला घरी जाणाऱ्या मुलीची.