मुठीतलं मीठ
सुनेने मागच्या खोलीला कडी घातली, तरी म्हातारीने दाराला कान लावून खात्री करून घेतली. आत काजळी पाला खात होती. गाभण शेळी, आज-उद्या विणारी. तोंड चालू असेल तोवर शेळी ओरडत नाही, म्हणून तिच्यापुढे भारा टाकलेला. कळपात रोग शिरला होता आणि सगळी जनावरं मारून पुरायचा सरकारी हुकूम निघाला होता. सुक्याबरोबर ओलंही जळायचंच. काजळी वाचली तर पुन्हा गोठा उभा राहील. नाहीतर सासूसुनांनी खायचं काय?

हुकूम घेऊन आलेली माणसं कुंपणाशी उभी राहून अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकत होती. शेळ्या टेकाडावर पांगलेल्या. कुणी जवळ गेलं की टणाटण उड्या मारत वर! खड्डा तयार, आणि त्यात जायला कुणी नाही. शेवटी घामाघूम झालेला जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्हीच हाक मारा."

"माझ्याच तोंडानं बोलावू होय रे त्यांना?"

"नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही जनावरं मरतील, आजी."

हे खरं होतं, म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. तिने बरणीतून मूठभर मीठ घेतलं. रोज हाकेमागोमाग शेळ्यांना ते मिळायचं.

"हळू मारा," सून कानाशी पुटपुटली.

म्हातारीची हाक जेमतेम कुंपणापर्यंत पोचली. एक शेळी हलेल तर शपथ.

"मोठ्यानं, आजी."

मग तिने छाती भरून हाक दिली. "या गं, माझ्या बायांनो, याऽऽ!"

टेकाडावरून सगळा कळप धावत सुटला, लंगडीसुद्धा. माणसांनी फाटक लावून घेतलं. आणि मागच्या खोलीतून काजळीने ओ दिली.

सून जोरजोरात खोकू लागली. असल्या खोकल्यावर पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. डॉक्टर मान खाली घालून उभा राहिला. क्षणभर म्हातारीला वाटलं, हा ऐकलं न ऐकलंसं करेल. तेवढ्यात दाराला धडका बसू लागल्या, कडी निसटली आणि काजळी बाहेर आली. तोंडात पाला तसाच होता. खड्ड्याकडे, माणसांकडे न बघता ती सरळ म्हातारीपाशी आली आणि तिच्या बंद मुठीला नाक लावून उभी राहिली.

म्हातारीला रडू आवरेना. आजवर तिने कुठल्याच शेळीला खोटी हाक मारली नव्हती. तिने मूठ उघडली.

डॉक्टर दोरी घेऊन पुढे झाला.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "तिचं मीठ तरी संपू दे."