कोंड्यातली पूड

त्या वसंतात आमच्या मेंढवाड्यातली सगळ्यात गुटगुटीत कोकरंच आधी खाली बसली. हडकुळी, दुधासाठी धडपडणारी कोकरं खुशाल उड्या मारत होती. आणि ज्यांच्याकडं बघून माझा नवरा मेदेर मिशीला पीळ देत हिंडायचा, ती जाडजूड कोकरं पाठ कमानीसारखी वाकवून, काठ्या टाकल्यासारखे पाय टाकत चालायची आणि मध्येच कोसळायची. एकाला मेदेरनं आईकडं हाकललं, तर ते चार उड्या मारून जागीच मेलं.

आमचं गाव नारीन नदीच्या वरच्या अंगाला. हिवाळा लांब, आणि मेंढ्यांना आमच्याच कुरणातलं कापलेलं गवत. पिढ्यान् पिढ्या तेच चाललं होतं. अधूनमधून एखादं कोकरू असं बसायचं, लोक हळहळायचे आणि विसरायचे. पण त्या वर्षी एकामागून एक बसत गेली, आणि आपांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याचं कारण तिथल्या तिथं शोधून काढलं.

कारण भिंतीपलीकडं राहत होतं. सालामात एजे. थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. ती आणि आपा एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या, एकाच कालव्यावर पाणी भरत म्हाताऱ्या झाल्या. कोकरं बसायला लागली त्याच्या आदल्या दिवशी सालामात एजे भिंतीवरून डोकावून आपांना म्हणाली होती, “अगं कालिचा, ही कोकरं आहेत का अस्वलाची पिल्लं? असली लठ्ठ शेपटं मी जन्मात बघितली नाहीत गं!” एवढंच. पुढं थू थू करायला ती विसरली.

“दृष्ट लागली,” आपा म्हणाल्या. त्यांनी आर्चा नावाच्या सुगंधी झाडाच्या वाळक्या फांद्या पेटवून गोठाभर धूर केला. आम्ही खोकून बेजार झालो, मेंढ्याही खोकल्या, पण कोकरं काही उठली नाहीत. मग आपांनी भिंतीवरून पलीकडं पाहिलं. सालामात एजेची सगळी कोकरं उन्हात शर्यती लावत होती. झालं, आपांना आणखी पुरावा नको होता.

“स्वतःची बरी धडधाकट ठेवलीस गं!” त्या भिंतीवरून ओरडल्या. “आमच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस!”

सालामात एजेच्या हातात कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं होतं. ती भांडं तिथंच ठेवून आत गेली. त्या दिवसापासून कालव्यावर एक आली की दुसरी बादली उचलून परत फिरायची.

शेवटी मेदेर न सांगता तालुक्याहून तोलोगोनला घेऊन आला. तोलोगोन गुरांचा डॉक्टर. आडव्या अंगाचा, हसरा, आणि आपांनी लहानपणी त्याचे कान उपटलेले असल्यामुळं त्यांच्यापुढं जरा जपूनच वागणारा. त्यानं मेलेलं कोकरू गोठ्यामागं नेऊन उघडलं आणि आम्हाला जवळ बोलावलं.

“मांडीचं मांस बघा. लालबुंद हवं ना? हे बघा.” मांसात खडूनं ओढावेत तसे पांढरे पट्टे होते. “काळजावरसुद्धा आहेत. म्हणून पळवलं की मरतं. आपा, हे नजरेचं काम नाही.”

“मग कशाचं?”

“जमिनीचं. सेलेनियम म्हणून एक खनिज असतं, चिमूटभराच्याही चिमूटभर लागतं. तुमच्या कुरणाच्या मातीत ते नाही. मातीत नाही म्हणून गवतात नाही, गवतात नाही म्हणून गाभण मेंढीत नाही. कोकरू पोटात असल्यापासून त्यावाचून उपाशी. जे भराभर वाढतं, त्याला जास्त लागतं. म्हणून चांगली चांगली आधी पडतात.”

आपांनी डोक्यावरचा रुमाल पदरासारखा ओढून घेतला. “आणि सालामातच्या मेंढ्या काय आभाळातलं गवत खातात? कुरण एकच, भिंतीला भिंत लागून!”

डॉक्टर दचकून त्यांच्याकडं बघतच राहिला. “आपा, हे तुम्ही फार महत्त्वाचं विचारलंत. काय खातात तिच्या मेंढ्या?”

कोणालाच माहीत नव्हतं.

“मग विचारून या की!”

मेदेर आपल्या बुटांकडं बघायला लागला. आपांनी तर पाठच फिरवली. राहिले मी, घरची सून.

सालामात एजे कणीक मळत होती. मी दारातच घुटमळले.

“आत ये, आयचुरेक,” ती म्हणाली. “भिऊ नकोस, तुझ्याकडं बघत नाही मी.”

आणि खरंच तिनं पाहिलं नाही. मान वळवून, भिंतीकडं तोंड करून तिनं माझ्यासाठी चहा ओतला. थोडा चहा वाटीबाहेर सांडला. तेव्हा मला जे वाटलं, ते मी आपांना आजवर सांगितलेलं नाही. मी तिचा पिठाचा हात धरला आणि म्हटलं, “एजे, बघा माझ्याकडं. डॉक्टर विचारतोय, तुमच्या मेंढ्या हिवाळ्यात काय खातात तेवढं सांगा, आमची कोकरं मरताहेत.”

तिनं पाहिलं. “किती बसली?”

“गोठ्याचा अर्धा कोपरा भरलाय.”

ती डोळे पुसायला गेली आणि पीठ सगळ्या तोंडाला लागलं. “मेले मी! जावई तोकमोकला गुरांच्या खाद्याच्या कारखान्यात आहे ना, तो शरद ऋतूत भरड्याची पोती धाडतो. मी गवताबरोबर घालते. त्यात काय असतं मला काय ठाऊक? मेंढ्या चाटूनपुसून खातात, म्हणून घालते.” आणि तसल्याच पिठाळ हातानं तिनं जावयाला फोन लावला. “हे बघ, तू त्या पोत्यात काय काय कोंबतोस, सगळं नीट सांग. आणि हळू बोल, मी डॉक्टरला ऐकवणार आहे!”

फोन कानाला तसाच धरून ती माझ्या आधी अंगणाबाहेर पडली. आमच्या फाटकाशी मात्र थांबली. पाऊल आत टाकलं नाही. फोन फाटकावरून डॉक्टरच्या हातात दिला. जावयानं सांगितलं की भरड्यात क्षार-जीवनसत्त्वांची पूड मिसळलेली असते आणि सेलेनियम त्यात असतंच. डॉक्टरनं मांडीवर थाप मारली.

त्यानं बसलेल्या कोकरांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची सुई दिली, उभ्यांनाही दिली. “काळजापर्यंत पोचलंय त्यांचं सांगता येत नाही,” तो म्हणाला. “बाकीची उठतील. पळवू नका, दूध तोंडाशी न्या.” मी आणि मेदेर ती उचलून उचलून आईला लावायचो. काही गेलीच. पण बरीचशी आधी गुडघ्यावर, मग लटपटत चार पायांवर आली. पहिलं कोकरू आपण होऊन दूध प्यायला गेलं, तेव्हा मेदेर गोठ्याबाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होता.

 मग एका सकाळी आपांनी कढई चढवली, कणकेचे फुगीर तुकडे, म्हणजे बोरसोक, ताटभर तळले, पेटीतला पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि निघाल्या. भिंतीवरून नाही, गल्लीतून वळसा घालून, सगळ्यांच्या देखत. मी ताट धरून मागं.

सालामात एजे दारातच उभी होती.

“मी जे बोलले ते बोलले,” आपा म्हणाल्या. “जीभ कापून देऊ का?”

“तुझी जीभ घेऊन काय करू? लोणचं घालू?” सालामात एजे म्हणाली. मग तिनं डोळ्यांना रुमाल लावला. “सगळी गल्ली मला बघून कोकरं झाकायला लागली होती गं, कालिचा.”

“मी सांगते सगळ्यांना. एकेकाच्या दारात जाऊन सांगते.”

“सांगच. आणि हेही सांग, माझ्या नजरेत एवढा जोर असता, तर आमच्या बेइशेचं पोट केव्हाच आत गेलं असतं!”

आतून तिच्या नवऱ्याचा, बेइशे बाइकेचा आवाज आला, “ऐकतोय मी!” आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. बोरसोक मी एकटीनंच सांभाळले.

आपांनी शब्द पाळला. दारोदार गेल्या. नुसतं सालामात निर्दोष आहे एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत, मातीत काय नाही हेही सांगत सुटल्या. शरद ऋतूत जावयानं नुसत्या पुडीचीच थैली धाडली आणि डॉक्टरनं येऊन माप ठरवून दिलं. “वाटीच्या या रेघेपर्यंत. कमी पडलं तर कोकरू बसेल, जास्त झालं तर मेंढीला विष होईल. थट्टा नाही ही.”

मिसळायचं काम आपांनी कोणाच्या हाती दिलं नाही. पूड आधी वाटीभर कोंड्यात, तो कोंडा घमेल्यातल्या कोंड्यात, मग सगळं भरडलेल्या जवात, म्हणजे एकीच्या तोंडी ढीग आणि दुसरीच्या तोंडी काहीच नाही असं व्हायला नको. एकदा मेदेर थैलीत हात घालून म्हणाला, “आपा, ही लाडकी मेंढी जुळ्यांची दिसतेय. तिला एक मूठ जास्त टाकू?”

“टाक. आणि मग तूच दे तिच्या जुळ्यांना दूध,” आपा म्हणाल्या. मेदेरनं हात काढून झटकला आणि आपांनी तो धुवायलाही लावला.

गल्लीतल्या बायका मिसळण शिकायला यायला लागल्या. आपा बाकावर बसून शिकवायच्या, सालामात एजे शेजारी बसून चुका काढायची. त्या हिवाळ्यात मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवला तर लोकर दाट लागायची, आणि पिलं झाल्यावर ती पडल्या पडल्या उठून आईला शोधायची. एक अशक्त कोकरू थंडीनं गेलं, पण पाठ वाकवून बसलेलं एकही नव्हतं.

जूनमध्ये आम्ही उन्हाळी कुरणावर निघालो. खिंड चढताना मागच्या वर्षी खोगिराच्या पिशव्यांतून कोकरं न्यावी लागली होती. या वर्षी पिशव्यांत भांडी होती आणि कोकरं आपल्या पायांनी आमच्या पुढं. ओढा आला तेव्हा आया थबकल्या, कोकरं धोंड्यांवरून उड्या मारत पलीकडं गेली आणि तिथून आयांना हाका मारत राहिली.

दोन्ही घरांचे तंबू आम्ही एकाच उतारावर लावले. ऊन कलल्यावर कोकरांचा कळप टेकडी चढायचा, कारण नसताना एकदम वळायचा आणि सुसाट खाली यायचा. बेइशे बाइके आडवा पडून त्यांच्यावर पैजा लावायचा आणि हरायचा. दोघी म्हाताऱ्या घोडीचं दूध आंबवायची कातडी पिशवी घेऊन बसल्या होत्या, आळीपाळीनं घुसळत, आणि कोणाच्या हातचं जास्त आंबट होतं यावर तावातावानं भांडत होत्या. मला बोलावून दोघींनी एक एक वाटी पुढं केली.

“खरं सांग, आयचुरेक.”

मी दोन्ही वाट्या रिकाम्या केल्या, तोंड पुसलं आणि मेंढ्या वळवायच्या आहेत म्हणत टेकडीकडं पळाले.