एदुविनाचं "राहू दे"

माझी बायको एदुविना भांडत नाही. वाद सुरू झाला की ती बटाटे सोलायला बसते. चिलोए बेटावर बटाट्यांना तोटा नाही, म्हणून आमचा संसार शांततेत चालला. मला मात्र त्या शांततेचाच संताप यायचा.

तिची थोरली बहीण देल्फिना अगदी उलटी. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कोंबड्यासुद्धा गप्प! इतकी वर्षं परमुलखात काढून ती परतली आणि म्हणाली, "बाबांनी घर माझ्या नावावर केलंय. टेकडीपलीकडे माझ्या रानात नेणार."

आमच्याकडची घरं लाकडी, नेतात ती अख्खीच. खाली ओंडके सारायचे, गावच्या बैलजोड्या जुंपायच्या नि ओढायचं.

त्या घरात आम्ही राहत होतो. आमचा मुलगा नोल्बेर्तो मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. होडीही सापडली नाही. तेव्हापासून एदुविना रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कंदील लावते, खाडीतून दिसावा म्हणून. टेकडीपलीकडून समुद्र दिसत नाही.

"अगं, सांग तिला!" मी ओरडलो.

"राहू दे हो. घर तिचंच आहे."

घर ओढायला हाक आली की गावात कुणी नाही म्हणत नाही. माझेही बैल जुंपले गेले. मीच हाकले.

घर पलीकडे टेकलं. देल्फिनाने हौसेने खिडकी उघडली, तर समोर नुसती झाडं. "भाऊजी, हा कंदील इथे कशाला?" तिने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. कंदील घेऊन ती तशीच टेकडी उतरली, मागून मी.

घर होतं त्या मोकळ्या जागेत एदुविना घर ओढणाऱ्यांच्या जेवणावळीचे बटाटे सोलत होती.

"बोलली का नाहीस? एकदा नाही म्हणाली असतीस, तर मी हात लावला असता का घराला?"

"तू नि बाबा भांडायचात, तेव्हा चुलीवरचं उतरवायला कुणीतरी लागायचं, ताई. तेव्हाची सवय."

देल्फिना रडायला लागली. "उद्या परत आणू. तू फक्त म्हण, मला घर हवंय."

म्हण गं बाई, एकदा तरी म्हण. मी मनातल्या मनात विनवत होतो.

एदुविनाचे ओठ हलले. मग तिने पुढचा बटाटा उचलला. "राहू दे, ताई. बैल दमलेत."

अंधारून आलं. मी कंदील पेटवला आणि खिडकी होती तेवढ्या उंचीवर धरून उभा राहिलो. हात भरून आला, पण या वेळी एदुविना "राहू दे" म्हणाली नाही.