अब्बासच्या दुकानापुढचा टायर

मी टायर. मला शोधायला फार लांब जावं लागत नाही. तोंडवलीच्या किनाऱ्याकडे उतरताना सुरूच्या झाडांखाली अब्बासभाईचं पंक्चरचं दुकान लागतं. त्याच्यापुढे पोटात वाळू भरलेला, वर फळकूट ठोकलेला जो आडवा पडलाय, तो मी. बसा. बसण्यासाठीच आहे.

कारखान्यातला गरम साचा मला आठवतो आणि गंधकाचा वास. अंगावर खोल नक्षी घेऊन मी बाहेर पडलो, तेव्हा वाटलं, ही शोभेसाठी असेल. ती कशासाठी असते हे मला सत्यवानाने शिकवलं.

सत्यवान गंगारामकाकांचा टेम्पो चालवायचा. काका मासळीचे व्यापारी. होड्यांवरून म्हावरं उतरलं की बर्फात घालून ते कणकवलीला पोचवायचं, हे सत्यवानाचं काम. मी त्याचं पुढचं डावं चाक. निघण्यापूर्वी तो खाली वाकायचा आणि माझ्या नक्षीत अंगठा घालून बघायचा. बर्फाचं खारट पाणी अंगावर गळायचं, रस्त्याची खडी टोचायची. पण तो अंगठा लागला की सगळं सोसायला बळ यायचं.

धाकटा भाऊ देवेश त्याच्या शेजारी बसायचा. त्याने शाळा अर्ध्यात सोडलेली, डोकं गरम, तोंड त्याहून गरम. "दादा, मार ना जरा! ती बघ, एसटी पुढे गेली!"

सत्यवान हसायचा. "गप रे. म्हावरा मेलेला आसा, आपण जिते आसव."

एक दिवस त्याचा अंगठा माझ्यात रुतला नाही. "गोटो झालो. पावसात दगो देतलो," तो म्हणाला आणि त्याने मला उतरवून अब्बासभाईच्या दारात टाकलं. मला राग आला. अजून चाललो असतो की! पण त्याचंच बरोबर होतं.

दुकानापुढे मी आलो आणि मला रविवार कळले.

रविवारी संध्याकाळी अब्बासभाईचा पुतण्या रमीझ मोबाइल टीव्हीला जोडतो आणि दुकानात गाड्यांची रेस लागते. त्या परदेशी ड्रायव्हरांची नावं इथे कोणाच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून त्यांना माशांची नावं दिली आहेत: करड्या गाडीतला तो मोरी, निळ्या गाडीतला बांगडो आणि लाल गाडीतली तांबोशी. तांबोशी खरं म्हणजे दाढीवाला बाप्या आहे, पण ते कोणाला खटकत नाही.

रेसच्या आधी गंगारामकाका हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचे. गावच्या देवळातही गाऱ्हाणं त्यांचंच. "बा देवा रवळनाथा! आमचो मोरी आज पयलो येवंदे, आणि त्या बांगड्याच्या चाकात खिळो घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अब्बासभाईचा. वर म्हणायचा, "आणि पंक्चर काढूक माझ्याकडेच धाड!"

रेस संपली की गजाली, म्हणजे गप्पा, सुरू. त्यांचा एक नियम होता. माझ्यावर जो बसेल, त्याने ड्रायव्हरची बाजू घ्यायची. समोरच्या बाकड्यावर जो बसेल, त्याने टीमची. माझ्यावर नेहमी सत्यवान, बाकड्यावर नेहमी गंगारामकाका. चाकं आत्ताच का बदलली, आणखी एक फेरी का नाही काढली, यावर दोघे चहा गार होईपर्यंत भांडायचे. चाकांवर एवढा वाद, आणि तिथल्या एकुलत्या एक टायरला कोणी मत विचारत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ते झालं. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. अब्बासभाई आत रिम ठोकत होता. गंगारामकाका एक पाय माझ्यावर ठेवून फोनवर बोलत होते.

"थांबतंय? कित्याक थांबतंस? चाकां उद्या बदलूया मरे. बर्फ इतळतलो. थांबू नको, चल तू!"

कणकवलीच्या वाटेवर एका वळणावर टेम्पो उलटला. सत्यवान घरी आला नाही.

गाव काय म्हणालं ते मी इथे पडून ऐकलं. "रेसी बघून डोक्यात वारो गेललो." "वेगान चालवी तो." सत्यवान! ज्याने मला नक्षी पुसली म्हणून उतरवलं, तो! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. गंगारामकाकांना तोंड होतं. ते गप्प राहिले.

देवेश मात्र गप्प बसेना. बाजारात एकाची कॉलर धरली, जेटीवर एकाला पाण्यात ढकललं. भाऊ गेला ते गेला. पण जाताना चूक त्याच्या नावावर लागली, हे त्याला गिळता येत नव्हतं. रविवारी तो यायचा, खांबाला टेकून उभा राहायचा. माझ्यावर कोणीच बसायचं नाही. गाऱ्हाणंही बंद पडलं होतं.

मग एका रविवारी परदेशातल्या त्या रस्त्यावरही पाऊस आला. मोरी पहिला होता. त्याने रेडिओवरून पावसाची चाकं बदलून मागितली. टीम म्हणाली, अजून एक फेरी काढ. पुढच्याच वळणावर गाडी घसरली आणि भिंतीवर जाऊन आदळली. मोरी स्वतःच्या पायाने बाहेर आला, हेल्मेट काढून गवतावर बसून राहिला.

"मोरीचीच चूक," रमीझ म्हणाला. "ब्रेक उशिरा मारल्यान."

"अरे, तो चाकां मागी होतो!" अब्बासभाई म्हणाला. "टीमीन दिल्यान नाय."

"टीम खंय गाडी चालवता, चाचा? स्टेअरिंग कोणाच्या हातात होता? जो चालवता, तेचीच..."

पुढचं त्याच्या तोंडात राहिलं. देवेशने मला उचललं होतं. पोटात वाळू असलेला मी, दोघांना जड जाणारा. त्याने एकट्याने मला उचलून बाकड्यापुढे आपटलं. फळकूट मोडलं. वाळू सगळीकडे उडाली.

"म्हण! माझ्या दादाक पण म्हण! माझ्या तोंडार म्हण!"

"देवेश, मी मोरीचा बोलत होतंय रे..."

"सगळे मोरीचाच बोलतत!"

टीव्हीवर कोणीतरी बक्षीस घेत होतं. अब्बासभाईने तो बंद केला.

तेव्हा गंगारामकाका उठले. त्यांनी मला ओढत जागेवर आणलं आणि माझ्यावर बसले. बाकडं सोडून ते पहिल्यांदाच इथे बसत होते. त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा..."

कोणी हसलं नाही.

"सत्यवान म्हणान एक पोरगो होतो. तेणा माका फोन केल्यान. मागचो टायर गोटो झालो, पाऊस मोठो आसा, थांबतंय म्हणालो. तेका थांबू नको म्हणान सांगणारो मी. पोरगो चुकूक नाय रे म्हाराजा. चूक माझी. आणि गाव तेका नावां ठेवी होतो, तेव्हा मी गप रवलंय, ती दुसरी चूक."

गाऱ्हाणं ऐकणाऱ्यांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही, असं इथे मानतात. अब्बासभाईचे ओठ हलले, पण तो थांबला. सगळे देवेशकडे बघत होते. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. मला वाटलं, आता तो काकांना उचलून फेकणार.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. "माफ केलंय म्हणान नाय. खरा आसा म्हणान."

मग डोळे पुसून म्हणाला, "उद्या देवळात. सगळ्यांसमोर. ह्याच शब्दांनी."

"येतंय," काका म्हणाले.

ते गेले. देवळात काय झालं ते मी पाहिलं नाही. मी इथून हलत नाही. पण त्यानंतर माझ्यासमोर कोणी सत्यवानाला वेगवान म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता मला नवं फळकूट आहे. देवेश दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवतो. निघण्याआधी तो इथे थांबतो, वाकतो आणि चारही चाकांच्या नक्षीत अंगठा घालून बघतो. जाता जाता मलाही अंगठा लावतो. माझ्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्याला माहीत आहे. रविवारी तो माझ्यावर बसतो. गंगारामकाका येतात, बाकड्याच्या टोकाला बसतात. दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

मी घासून संपलेला टायर आहे. मला मत विचारायची इथे रीत नाही, तरी एवढंच सांगतो. पावसात कुठल्या तरी वळणाअलीकडून तुमच्या माणसाचा फोन आला आणि तो म्हणाला, "थांबतंय", तर बर्फाचं काय ते नंतर बघा. आधी त्याला "व्हय" म्हणा.