तिसरी खाच

कवळ्या बनवणाऱ्या बाईने विमान करायला घेतलं, तर त्यात हसण्यासारखं खरं म्हणजे काही नाही. हत्यारं तीच लागतात. मेण, बारीक कानस, पॉलिशचा कागद, आणि पेनासारखं हातात धरायचं ड्रिल. तिचा नवरा मात्र हसलाच. सव्वा हात पंखांचं ते धूड जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलं, तेव्हा तो आपलं ताट उचलून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, सासरेबुवांचं विमान सुटायच्या आधी सांगत जा, म्हणजे मी चष्मा काढून ठेवत जाईन.

सासरेबुवा, म्हणजे तिचे बाबा, लढाईच्या काळात फायटर विमानांचे फिटर होते. विमानं उडवायची इतरांनी, नाव व्हायचं इतरांचं. बाबांच्या वाट्याला ग्रीस, पाने आणि रोज पहाटेची तपासणी. आता त्यांना ब्याण्णव वर्षं झाली होती. डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं, पण बोटं अजून शाबूत होती. त्या बोटांना चाळा म्हणून लेकीने त्यांच्याच विमानाचं, अठरा पटीने लहान असं, जुळवायचं मॉडेल विकत आणलं. डब्यावरच्या सूचनांबरहुकूम जोडलं, मांडीवर ठेवलं. बाबांनी तासभर ते चाचपलं. ती आपली कौतुकाची वाट बघत बसलेली.

"नाक सुजलंय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. पण हिचं आयुष्य गेलेलं कवळ्यांत. एक दात केसभर उंच झाला तर माणूस जेवता जेवता कळवळतो, आणि कवळी दुसऱ्या दिवशी टेबलावर परत येते. तिने नाक घासून दीड मिलिमीटर बारीक केलं. मग चाकांचे पाय पुढे झुकलेत असं निघालं, ते कापून सरळ केले. पंखाची मागची कड जाड होती, ती कागदासारखी केली. प्रत्येक दुरुस्तीनंतर बाबा बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हं." एवढंच. लहानपणी प्रगतिपुस्तकावरही त्यांनी याहून जास्त कधी काही म्हटलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली ही बाई त्या एका हुंकारासाठी जीव टाकत होती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

मग डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय, म्हणाले, दोन आठवडे, फार तर तीन. औषधापेक्षा शांतता महत्त्वाची, त्यांना कसला त्रास होऊ देऊ नका. आणि त्याच आठवड्यात बाबांचं बोट डाव्या पंखावर, पंखातल्या बंदुकांवरच्या झाकणापाशी जाऊन थांबलं.

"हे उघडं आहे," ते म्हणाले.

झाकण चिकटवलेलं होतं. तिने तसं सांगितलं. बाबांनी पुन्हा बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्या दिवसापासून घराची झोप उडाली. बाबा जेवेनात. चमचा ओठाशी नेला की हाताने लोटायचे. पडल्या पडल्या एकच घोकणं: थांबवा त्याला, झाकण उघडं आहे, जाऊ देऊ नका. कुणाला थांबवायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुकडीतला सर्वांत लहान वैमानिक, ज्याला सगळे धाकटा म्हणायचे. तो एका सकाळी बाबांच्या हातचं विमान घेऊन गेला आणि परत आला नाही. शत्रूने पाडला, असं बाबांनी लेकीला लहानपणी एकदाच सांगितलं होतं आणि विषय संपवला होता.

आता बाप मरणार हे तिने कसंबसं गिळलं होतं. पण असा तडफडत, कुणाला तरी हाका मारत जाणार, हे तिला सहन होत नव्हतं. तिने ठरवून टाकलं की झाकणात काहीतरी चूक आहे, आणि ती सापडली की बाबा शांत होतील. दुसरं धरायला तिच्याकडे काही नव्हतंच. तिने झाकणाच्या कडेची फट अर्धी भरली. "उघडंच आहे." मग रागाच्या भरात तिने फट पूर्ण बुजवली, घासली, झाकणाची कड बोटाला लागेनाशी करून टाकली. बाबांनी चाचपलं आणि ते इतके घाबरले की अंथरुणातून उठायला लागले. झाकणच गेलं, म्हणाले, आता मी तपासू काय? नवऱ्याने त्यांना खांद्यांना धरून निजवलं. आता त्याला विनोद सुचत नव्हते. हे खेळणं कपाटात टाक, आगीत तेल ओततेस तू, असं त्याने तिला बाहेर नेऊन सांगितलं. तिने ऐकलं नाही. फट पुन्हा कोरली.

बाबांचं खाणं बंद होऊन सात दिवस झाले होते. दुपारी ती त्यांचं अंग पुसत होती, तर बाबांनी तिच्या ब्लाउजच्या बाहीचं बटण चिमटीत धरलं. नखाने त्याच्यावर काहीतरी शोधलं आणि बटण थोडंसं फिरवलं. सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेवढंच फिरवलं.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "बाबा," तिने विचारलं, "झाकण बंद आहे हे तुम्ही ओळखायचात कसं?"

काय हा वेडा प्रश्न, अशा सुरात बाबांनी तिला समजावलं. उडताना झाकण उचकटलं की विमान कोसळतं. त्याला आठ स्क्रू. प्रत्येकाला पाव फेरा द्यायचा, जास्त नाही. खाच नाकाकडून शेपटीकडे गेली की बंद. आडवी असली की उघडा. पहाटे दिवा लावायला बंदी, म्हणून नखाने बघायचं. आठच्या आठ खाचा एका रांगेत लागल्या पाहिजेत.

तिने भिंग आणलं. मॉडेलच्या झाकणावर मोहरीएवढे आठ स्क्रू होते, प्रत्येकावर केसासारखी खाच, आणि कंपनीच्या कारागिराने आठही खाचा बिनदिक्कत आडव्या कोरल्या होत्या. तिने दोन महिने नाक घासलं, पाय कापले, आणि हे तिच्या नाकासमोर होतं. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही.

तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. प्रयोगशाळेतून दोनदा फोन आला, कुणाची तरी कवळी अडली होती, तिने ऐकून ठेवून दिला. खाचा बुजवल्या, सुकू दिल्या, सगळ्यांत बारीक पातं लावून एकेक खाच नाकाकडून शेपटीकडे कोरली. आठ डाव्या पंखावर, तशाच आठ उजव्या. तिसऱ्या दिवशी दुपारी विमान बाबांच्या पोटावर ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. बाबा इतके वाळले होते की विमानाचं वजन त्यांना पेलेल का, अशी तिला भीती वाटली.

नख डाव्या पंखावरच्या पहिल्या स्क्रूवर गेलं. थांबलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर ते बराच वेळ राहिलं, मागे गेलं, पुन्हा आलं. मग उरलेले पाच त्यांनी भराभर तपासले. एक हं, एवढंच तिला हवं होतं.

"खोटं आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळे बंद आहेत. मी भिंगातून बघितलंय."

"तेच म्हणतोय. तिसरी खाच आडवी होती." दहा दिवसांत त्यांचा आवाज एवढा स्वच्छ आला नव्हता. "माझ्या नखाला लागली होती ती. म्हटलं, चहाचा घोट घेऊन येतो नि फिरवतो. पाव फेरा तर द्यायचा होता. तेवढ्यात उड्डाणाची घंटा झाली आणि धाकटा पळत आला."

तिने विचारलं, मग तपासणीच्या कागदावर सही कुणी केली? बाबा म्हणाले, मीच, आणि तीही तपासणीच्या आधी. सगळेच आधी करायचे. काम झाल्यावर बोटं काळी होतात, कागदावर डाग पडतात, डागाळलेला कागद बघून साहेब ओरडायचा. म्हणून हात स्वच्छ असतानाच सही करून टाकायची. पुढे धाकट्याच्या आईचं पत्र आलं होतं. मुलगा तुमचं नाव फार काढायचा, तुमचे आभार. ते पत्र त्यांनी चुलीत घातलं होतं.

"एका स्क्रूने झाकण निघत नाही, बाबा," ती म्हणाली. "बाकीचे सात होते ना?"

"असेल. नसेल. कुणाला माहीत आहे?" त्यांनी विमान तिच्याकडे ढकललं. "तू बरोबर कर."

ती टेबलापाशी गेली. डाव्या पंखावरची, पुढून तिसरी खाच. बुजवायला पाच मिनिटं, सुकायला तास, कोरायला एक क्षण. तीस वर्षं ज्या हाताने परक्यांच्या तोंडातले दात घडवले, त्याच हाताने तिने पातं धरलं. जी गोष्ट आपल्या बापाने आयुष्यभर कुणाला दाखवली नाही, ती आपण स्वतःच्या हाताने कोरतोय, हे तिला कळत होतं. तिने खाच आडवी कोरली.

बाबांचं नख तिसऱ्या स्क्रूपाशी आलं आणि थबकलं.

"हं," ते म्हणाले.

मग त्यांनी नखाचं टोक खाचेत रोवलं आणि पाव फेरा द्यायला सुरुवात केली. स्क्रू कुठला फिरतोय. ते नुसतं प्लास्टिकवर कोरलेलं चित्र होतं. नख सटकलं. त्यांनी पुन्हा लावलं. कपाळावरची शीर तटतटून उभी राहिली. त्यांचा हात धरावा की धरू नये, हे तिला समजेना. नख तुटून रक्ताचा ठिपका आला, तेव्हा तिने आपला तळवा अलगद त्या पंखावर ठेवला.

"फिरत नाही गं," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा. आता नाही फिरायचा तो."

त्यांनी मान हलवली. धाकट्याला थांबवा, असं ते त्यानंतर एकदाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी तिने दुधाचा चमचा ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड उघडलं.