तो मेला निळा दिवा

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो, आणि स्पष्टच सांगते, मला हेवा वाटतो. नुसता जळफळाट होतो.

मोखाड्याच्या एका शाळेत पंढरी सरांनी मुलींकडून छोट्या उपग्रहाचा नमुना करून घेतला. पुठ्ठ्याचा डबा, एका टोकाला तापमान मोजणारा सेन्सर, दुसऱ्या टोकाला नोंद ठेवणारी चिप, मधोमध बॅटरी. सेन्सरचा निरोप चिपला पोचवायचे ते मी. काय तोरा होता माझा!

मग डबा मोठ्या फुग्याला बांधून आभाळात सोडायचं ठरलं. फुगा काही डबा उचलेना. सर म्हणाले, या जाडजूड वायरीचंच वजन फार. खऱ्या छोट्या उपग्रहांतही म्हणे आता वायरींऐवजी उजेडाने निरोप पाठवायची खटपट चालली आहे. झालं! मला उपटलं आणि हरभऱ्याएवढा निळा दिवा बसवला. तो लुकलुकणार आणि चिपजवळ बसवलेला, उजेड टिपणारा डोळा ते वाचणार. असली नाजूक थेरं!

त्या मुलींतल्या जामसर गावच्या चंदना नावाच्या मुलीचा त्या डब्यावर भारी जीव. आपल्या हातचं काही आभाळात जाणार, म्हणून सणाला भिंत रंगवावी तसा तिने डबा आतून गेरूने रंगवला. झाकण लावलं, तर निरोपच पोचेना. बॅटरी आडवी येत होती, त्यामुळे उजेडाला भिंतीवर आपटूनच पलीकडे जावं लागे. बरी जिरली, म्हटलं मी. येतील आता नाक घासत! सरही म्हणाले, वायरच परत घालू, फुगा राहू दे. चंदनाचा चेहरा पडला.

ती बराच वेळ डब्यात डोकावत बसली. मग म्हणाली, "सर, गेरू उजेड गिलतो. मी तांदलाचा पीठ लावून बघू?"

भिजवलेल्या पिठाने डबा आतून पांढराफेक झाला. वाळल्यावर झाकण लावलं आणि निरोप पोचला. मुली नाचल्या. मी जळून खाक.

चाचणीपुरती दिव्याला वीज बाहेरून दिली होती. आभाळात ती बॅटरीतूनच द्यायची, आणि तिथे वायरच लागते! चंदनाने मला उचललं. माझा ऊर भरून आला. तिने बोटभर तुकडा कापून घेतला आणि मला खिडकीत ठेवलं.

फुगा वर गेला. ठिपका होईपर्यंत चंदना टाचा उंचावून बघत होती.

मित्रांनो, दिव्यावरचा राग आता गेला. आता हेवा वाटतो तो माझ्याच त्या तुकड्याचा. उरलेली वायर फेकू नका हो. नीट गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. बोटभर तुकडे अजून पुष्कळ निघतील माझ्यातून.